शुद्धिपत्र

पवनीला खताच्या दुकानामागं
विश्राम बोबड्यांचा छापखाना होता.
लग्नपत्रिका, सोसायटीची पावतीबुकं,
आणि तीन महिन्यांतून एकदा
एक राखाडी अंक: भाषा, इतिहास, लोकजीवन.
वर्गणीदार एकशे त्र्याऐंशी,
त्यातले तीसेक न देणारे.
संपादक डायरे सर सायकलला गठ्ठे बांधून
स्वतःच पोस्टात न्यायचे.
तिकिटं ओल्या फडक्यानं लावायचे.
विद्येला थुंकी नको, म्हणायचे.

त्या अंकासाठी कुंदा लोणारे आमच्या गावी आली,
एसटीनं, काखेत वही.
तिला मातीची नावं हवी होती.
सरपंचांनी सातबारा दाखवला.
सातबाऱ्यावर माती नसते, गट नंबर असतो.
मग कोणीतरी म्हणालं, पंचफुलेला विचारा.

माय बांधीत होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
कन्हार, ती म्हणाली. मोरांड. खरडी.
सिहार. बरडी.
वाकलेलीच, रोवता रोवता.
वहीवर एक शिंतोडा उडाला, तो तसाच वाळला.

लेख आठ महिने परीक्षकाकडे पडून.
परीक्षकाचं नाव कोणाला सांगत नाहीत,
तसा नियम आहे.
शेवटी त्याची एक ओळ आली:
सिहार व मोरांड यांतील भेद
लेखिकेने स्पष्ट करावा.

तेवढ्यासाठी कुंदा परत आली, ऐन मार्चात.
माय म्हणाली, चप्पल काढ.
आणि अर्धा दिवस तिला अनवाणी फिरवलं.
मोरांडीचं ढेकूळ टाचेखाली फुटतं.
सिहार वाळली की फरशी,
भिजली की पीठ.
कुठल्या शहरात, कुठल्या पंख्याखाली बसून
विचारलेला प्रश्न,
आणि उत्तर दोन बायांच्या टाचांनी दिलेलं.
छापून आलं तेव्हा त्याची दीड ओळ झाली होती.

पान एकेचाळीस, तळटीप चौदा,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
माहितगार – पंचकुला नेहारे, वय अंदाजे ४५.
मी दहावीत होते. होतं तसं वाचून दाखवलं.
"हे कोन होय वं?"
"तूच."
"मी काहाले होऊ?"

बोबड्यांना मोतीबिंदू होता.
फच्या घरात कचा खिळा पडला असेल.
मी डायरे सरांना कार्ड लिहिलं, एक खाडाखोड करून.
उत्तर आलं नाही. अंक आला.
शेवटच्या पानावर, पापडवाल्याच्या जाहिरातीखाली:
शुद्धिपत्र. मागील अंक, पृ. ४१, तळटीप १४,
'पंचकुला' ऐवजी 'पंचफुला' वाचावे.

"वाचावे म्हनजे? कोनाले सांगते?"
"सगळ्यांना. एकशे त्र्याऐंशी जणांना."
सुपातलं धान खालीवर झालं.
"मंग वाचतीन का थे?"

पुढं अंक बंद पडला.
कसल्याशा सरकारी यादीत त्याचं नाव नव्हतं,
आणि यादीबाहेरच्या अंकात लिहून
कोणाला बढती मिळत नाही.
छापखान्याच्या जागी आता मोबाईल दुरुस्त होतात.
माझ्या मुलीच्या शेतकीच्या पुस्तकात
सिहार आहे, व्याख्येसकट.
दीड ओळ. कोणाची, ते नाही.

परवा नागपूरला तिच्या प्रवेशासाठी गेले,
तर ग्रंथालयात जुना खंड मागितला.
शिपायानं दोनदा वर्ष विचारलं.
मग लाल पुठ्ठ्यात बांधलेला आणून
टेबलावर आपटला, धुळीसकट.
पान एकेचाळीस.
कोणीतरी शिसपेन्सिलीनं
कवर आडवी रेघ ओढून
समासात फ लिहिलेला.

मायला आता ऐकू कमी येतं.
दोनदा सांगावं लागलं.
मग म्हणाली, "अक्षर कसं होतं थ्याचं?"
"बारीक. तिरपं."
"बसून लिवलं असन," ती म्हणाली,
आणि लाखोरीतला खडा
बाजूला ठेवला.